आवाजाला दहापैकी तीन

बाजारातला सगळ्यात महागडा फोन मंगळवारी पाऱ्याच्या टेबलावर आला आणि शुक्रवार उजाडला तरी त्याच्यात एक खोट सापडेना, म्हणून पारा वैतागून बसला होता.

पारा हे काही त्याचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो ज्या नियतकालिकात फोनची परीक्षणं लिहायचा, तिथल्या लोकांनी ते त्याला चिकटवलं होतं. गेम खेळताना फोन किती तापतो हे बघायला तो फोनच्या पाठीला तापमापकाची तार चिकटपट्टीनं लावायचा आणि दर पाच मिनिटांनी आकडा वहीत टिपायचा. वय सेहेचाळीस. राहायला दोन खोल्या, त्यांना मिळून एक खिडकी, खिडकीशी एक खुर्ची. लग्न झालं होतं, टिकलं नाही. बायको वाईट नव्हती, हाही नव्हता. मोडायला तेवढंही पुरतं.

या धंद्यातले बहुतेक लोक परीक्षण करत नाहीत, भाटगिरी करतात. डबा उघडायचा, फोन उजेडात फिरवायचा, कंपनीनं दिलेल्या कागदावरचे आकडे पोपटासारखे वाचायचे, शेवटी दहापैकी साडेआठ द्यायचे आणि पुढच्या डब्याची वाट बघत बसायचं. साडेआठच्या खाली गेलं तर पुढचा डबा येत नाही, आणि नऊच्या वर गेलं तर लोक विकलेला माणूस म्हणतात. म्हणून जगातले सगळे फोन साडेआठ. पाऱ्याला हे कधी जमलं नाही. कंपन्यांच्या समारंभाला त्याला बोलावणं नसायचं, आणि चुकून आलंच तर शेवटच्या रांगेतली, खांबामागची खुर्ची मिळायची. तो त्या खुर्चीवर बसून यायचा आणि दहापैकी पाच द्यायचा.

पण या फोननं त्याची पंचाईत केली. फ्लॅगशिप म्हणजे कंपनीनं स्वतःची सगळी अब्रू ज्या एका फोनवर लावलेली असते तो, आणि इथं अब्रू जागची हलत नव्हती. पाऱ्यानं नेहमीचा लढाईचा गेम लावला, चित्राची सगळी बटणं शेवटपर्यंत नेली आणि सलग एक तास खेळला. बाकीचे फोन वीस मिनिटांत तव्यासारखे तापतात आणि मग फ्रेम गळायला लागतात. म्हणजे समोरचा शत्रू धावत येता येता मध्येच अडखळतो, आणि तो अडखळून संपेपर्यंत आपण मेलेलो असतो. या फोनवर शत्रू लोण्यातून सुरी यावी तसा आला. तापमान बेचाळीसच्या वर गेलं नाही. तासाभरात पारा अकरा वेळा मेला, पण त्यात फोनचा दोष एकदाही नव्हता.

गेममध्ये त्याच्या तुकडीत तीन अनोळखी माणसं होती. एकमेकांना नुसते आवाज ऐकू येत होते.

"काका, डावीकडं बघा! डावीकडं!"

"काका कशावरून?" पारा म्हणाला.

"पळताय कसे ते बघा ना. गुडघ्याला पट्टा लावल्यासारखे."

तिघंही हसले. पाऱ्यालाही हसू आलं, आणि दोन मिनिटं बरं वाटलं. डाव संपला. पडद्यावर चार नावं होती ती तीन झाली, मग दोन, मग त्याचं एकट्याचं राहिलं. त्यानं वहीत लिहिलं : 'गेम : साडेनऊ.'

खेळ झाला, आता रोजचा वापर. परीक्षणाचा हा भाग पाऱ्याला सगळ्यात जड जायचा, कारण रोजच्या वापराचं परीक्षण करायला रोज काहीतरी व्हावं लागतं. नियम त्याचा त्यानंच केलेला : स्वतःचं सिम नव्या फोनमध्ये घालायचं आणि सात दिवस तोच फोन वापरायचा. मग गजर लावायचा, उठायचं, गजर बंद करायचा. बस कधी येणार ते बघायचं. कॅमेऱ्यासाठी माणसांचे चेहरे लागतात. पारा खिडकीजवळच्या खुर्चीवर कोट घालायचा आणि त्याचा फोटो काढायचा. अकरा वर्षांत एकशे चौदा फोनांनी त्या कोटाचा फोटो काढला होता. कोट विटत गेला, फोटो सुधारत गेले.

आणि शेवटी आवाज. फोन कानाला लावून बोलायलाही असतो, ही गोष्ट बाकीचे परीक्षक विसरले होते. पारा विसरला नव्हता, आणि त्याची जी काही पत होती ती तेवढ्यावर उभी होती. त्याची पद्धत कडक होती. कुठल्यातरी घरगुती यंत्राच्या माहितीपत्रकातली दहा वाक्यं तो फोनवरून वाचायचा. पलीकडच्या माणसानं ऐकून तशीच्या तशी परत म्हणायची. बरोबर आलेलं वाक्य एक मार्क. पाठ होऊ नयेत म्हणून दर वेळी नवं यंत्र. पुन्हा म्हणून दाखवायचं नाही. आणि पलीकडचं माणूस, पलीकडचा हँडसेट, पलीकडची खोलीसुद्धा अकरा वर्षं तीच ठेवायची, कारण मोजपट्टी बदलली की मोजमापाला अर्थ राहत नाही.

पलीकडचं माणूस म्हणजे त्याची ताई.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, बसनं चार तासांवरच्या गावात एकटी राहायची. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तिनं सव्वीस वर्षं तपासणीचं काम केलं होतं. उजेड टाकलेल्या पांढऱ्या पडद्यापुढून बाटल्या खणखणत जायच्या आणि तडा गेलेली, बुडबुडा राहिलेली बाटली दिसली की ती हातानं उचलून बाजूला टाकायची. मिनिटाला नव्वद बाटल्या. मुकादम म्हणायचा, बाईच्या नजरेतून वाईट बाटली सुटली तर मी मिशी काढीन. मिशी शेवटपर्यंत राहिली.

शुक्रवारी पाच वाजता पाऱ्यानं ताईला फोन लावला.

"ताई, मी."

"हं, बोल बोल. बरा आहेस ना?"

"आज शिलाई यंत्र आहे."

"असू दे, असू दे. कर सुरू."

"पहिलं. सुई बदलण्यापूर्वी यंत्र बंद करावे."

ताई म्हणाली, "गेलं हे."

"दुसरं. दोरा उजवीकडून डावीकडे ओवावा."

"दोरा... दोरा होता काहीतरी. गेलं, पुढं जा."

दहापैकी तीन आली. पाऱ्यानं आकडा लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. त्याच्या अंगावर काटा आला होता, आणि तो आनंदाचा होता, हे लपवण्यात काही अर्थ नाही. सापडली! एवढा मोठा हत्ती गेला आणि शेपूट अडकलं!

"जेवण वेळेवर करतोस ना?" ताई विचारत होती. "मागं म्हणालास पोटात दुखतं. ते डॉक्टरांना—"

"ठेवतो ताई, बॅटरी बघायची राहिलीय," पारा म्हणाला आणि ठेवला.

सात दिवस भरल्यावर परीक्षण छापून आलं. मथळा होता : 'सगळं आहे, फोन तेवढा नाही.' सोबत त्याचा तो प्रसिद्ध आलेख. अकरा वर्षांपूर्वी नऊवर सुरू होऊन आठ, सात, पाच करत खाली येणारी आणि आता तीनवर आपटलेली ती रेघ पाऱ्याच्या आयुष्याची कमाई होती. कंपन्या गेमच्या आणि कॅमेऱ्याच्या नादी लागल्या आणि माणसाचा आवाज वाऱ्यावर सोडला, असं तो दर वर्षी त्या रेघेच्या आधारानं ठणकावून लिहायचा. लोक मान डोलवायचे. का नाही डोलवणार? फोनवर नीट ऐकू न आलेलं माणूस प्रत्येक घरात एक तरी असतं.

पुढच्या सोमवारी कंपनीचा माणूस ऑफिसात हजर. याला पारा मनातल्या मनात गोडबोल्या म्हणायचा. जिभेवर साखर, आणि शर्टाला सुरकुती म्हणून नाही. संपादकबाईंच्या केबिनमध्ये तिघं बसले.

"सर, तुमच्याबद्दल आम्हाला फार आदर आहे," गोडबोल्या म्हणाला.

"तो किती अंशांचा आहे?" पारा म्हणाला. "मोजून सांगा."

संपादकबाईंनी चहाचा कप तोंडाला लावून हसू लपवलं.

"आमच्या प्रयोगशाळेनं आवाज चारशे वेळा तपासलाय, सर. एकच विचारायचं होतं. तुमच्या चाचणीत ऐकणारे किती जण होते?"

पारा वहीची पानं चाळायला लागला.

"दहा? पाच?"

"माणूस विश्वासाचं असलं की एक पुरतं."

"बरोबर आहे, सर. मग आणखी एका माणसाकडून ऐकून घ्या. फक्त एका. कोणीही निवडा, तुमच्या मनातलं. तेही तीन म्हणालं तर आम्ही तोंडाला कुलूप लावतो."

तो गेल्यावर संपादकबाईंनी दार लावलं. बाई वाईट नव्हत्या. पाऱ्याचं सदर त्यांनीच सुरू केलं होतं आणि त्यापायी वरच्यांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या.

"शुक्रवारपर्यंत दुसरं माणूस घे," त्या म्हणाल्या. "तू खरा निघालास तर पहिल्या पानावर छापते, कंपनी तोंडावर पडली म्हणून. खोटा निघालास तर परीक्षण मागं, रेघ मागं आणि सदर..."

"सदर काय?"

"बघू."

'बघू' म्हणजे बंद. दोघंही या धंद्यात नवीन नव्हते.

घरी येऊन पारा नंबरांची यादी उघडून बसला. एकसष्ट नंबर होते. दुरुस्तीवाले चार, पार्सलवाले सहा, दाताचा डॉक्टर, पाण्याची टाकी धुणारा, जुन्या घराचा मालक, 'गॅस नवीन', 'गॅस जुना'. बायकोचा नंबर होता, पण तिला सात वर्षांनी फोन करून शिलाई यंत्राची वाक्यं वाचून दाखवायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण. एकसष्टांत एकही असा नव्हता, ज्याला काही काम नसताना फोन करावा. पारा यादीच्या तळाशी गेला, परत वर आला. पडदा मात्र सुरेख सरकत होता, काही म्हणा.

शेवटी खाली जाऊन त्यानं इमारतीच्या पहारेकऱ्याला गाठलं.

"तुझा नंबर दे. मी वरून फोन करतो. जे म्हणेन ते परत म्हणायचं."

"साहेब, पाणी येणार नाही एवढंच सांगायचं असेल तर इथंच सांगा."

"दे रे नंबर."

पहारेकऱ्यानं दहापैकी दहा म्हटली. मागं ट्रक भोंगा वाजवत उभा होता, तरी दहा. वर विचारलं, "साहेब, यंत्र विकायचंय का? बायको विचारत होती." कपडे इस्त्री करणाऱ्या बाईनं दहा म्हटली, तीही इस्त्री न थांबवता. दाताच्या डॉक्टरच्या स्वागतिकेनं नऊ म्हटली आणि दहाव्याला "पोलिसांत देईन" म्हणून फोन आपटला. तेही वाक्य तिला ऐकू आलं होतं, म्हणजे दहाच धरायला हवीत.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यानं डोकं चालवलं. माणूस तेच, खोली तीच. म्हणजे घोडं हँडसेटपाशी पेंड खातंय. ताईचा तो अकरा वर्षांचा जुना हँडसेट आपणच बदलू दिला नाही, त्याच्या जाळीत धूळ बसली असणार. तसं असेल तर थोडं खाली उतरून लिहिता येईल, रेघ थोडी वर उचलता येईल, सगळीच काही बुडणार नाही. बुधवारी सकाळी त्यानं तापमापक, छोटा ब्रश आणि तो महागडा फोन पिशवीत टाकला आणि बस पकडली. ताईला भेटून चार वर्षं झाली होती, हे त्याला बसमध्ये बसल्यावर आठवलं.

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर. आतून टीव्ही एवढा मोठा लागला होता की जिन्यातच बातम्या कळल्या. पाऱ्यानं बेल वाजवली. पुन्हा वाजवली. बोट दाबून धरलं. शेजारचं दार उघडलं आणि हाताला पीठ लागलेली एक बाई बाहेर आली.

"बेल काय वाजवताय? दार बडवा, चांगलं धपाधप. जमीन हलली की कळतं त्यांना."

"काय?"

"ऐकू कुठं येतं त्यांना! नवीन आहात का? मीटरवाले?"

"भाऊ आहे मी त्यांचा."

बाईनं त्याला खालून वर बघितलं. "फोनवाला भाऊ? आणि तुम्हाला माहीत नाही?"

तिनंच पुढं होऊन तळहातानं दार बडवलं, पिठाचे दोन पंजे दारावर उमटले, आणि आतून ताईचा आवाज आला, "आले गं, आले!"

ताईनं दार उघडलं. भावाला बघून तिचा चेहरा आधी उजळला आणि मग लगेच, कोणी पडदा ओढावा तसा, सावध झाला.

"तू? कळवलं नाहीस."

पारा आत गेला. खरं तर तिथंच सगळं संपलं होतं. पण माणूस असा हट्टी की घर जळताना दिसलं तरी आधी धूर मोजेल. त्यानं टेबलावरचा हँडसेट उचलला, आपला महागडा फोन आणि शिलाई यंत्राचं माहितीपत्रक शेजारणीच्या हातात दिलं आणि तिला खाली पाठवलं. बाई पदर खोचून गेली. असं महत्त्वाचं काम तिला कोणी कधी दिलं नव्हतं. फोन आला. पाऱ्यानं हँडसेट कानाला लावला.

"सुई बदलण्यापूर्वी यंत्र बंद करावे," बाई खालून खणखणीत वाचत होती. "दोरा उजवीकडून डावीकडे ओवावा. अहो, हे तर चूक आहे, आमच्या यंत्राला डावीकडून ओवतात. पुढचं वाचू?"

प्रत्येक शब्द येत होता. तिचा श्वासही. कागद उलटल्याची कुरकुरसुद्धा. जुना हँडसेट केसभरही बिघडला नव्हता.

पाऱ्यानं हँडसेट खाली ठेवला. ताई समोर उभी राहून त्याच्या ओठांकडे बघत होती, आणि ती डोळ्यांकडे नाही तर ओठांकडे बघतेय हे त्याला आता दिसलं.

"केव्हापासून?" त्यानं विचारलं.

"हळूहळू बोल, आणि तोंड इकडं कर."

"केव्हापासून, ताई?"

"उजवा आधी गेला. आठ वर्षं झाली असतील. डावा मागोमाग. डॉक्टर म्हणाला, बाटल्यांनी खाल्ले. आमच्यातल्या सगळ्याच जणींचे खाल्लेत, कुणाचे थोडे, कुणाचे जास्त. कानात फडकं कोंबायचो आम्ही. कारखान्यानं दुसरं काय दिलं होतं?"

"मग मला सांगितलं का नाहीस?" पाऱ्याचा आवाज चढला, आणि चढला तो तिला ऐकू यावा म्हणून नव्हे. "मी अकरा वर्षं छापतोय! माझी रेघ! लोक माझ्या नावानं दाखले देतात, आणि ती रेघ म्हणजे तुझे कान? मी फोनांची मोजणी करत होतो की तुझी?"

"तू कधी सांगितलंस, हे कशासाठी चाललंय ते?"

खरंच, त्यानं सांगितलं नव्हतं.

"मला वाटलं, तुझं काहीतरी ऑफिसचं काम आहे, वाक्यं म्हणून दाखवायची. म्हटली. जे ऐकू आलं तेच म्हटलं, बाबा. एक वाक्य मनानं जुळवलं नाही. कितीदा वाटलं, अंदाजानं ठोकून द्यावं, तुला बरं वाटेल. नाही दिलं. सव्वीस वर्षं वाईट बाटली पुढं सोडली नाही, तुझ्या कामात कशी सोडू?"

"पण कान गेलेत एवढं तरी—"

"सांगितलं असतं तर तू दुसरं कोणी बघितलं असतंस."

पारा खुर्चीवर बसला.

"महिन्याला एखाद्या दिवशी टेबल थरथरतं, तुझा फोन येतो," ताई म्हणाली. तिच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं; हिशेब सांगावा तसं सांगत होती. "तोही यंत्राचा. यंत्र नसेल तेव्हा तू मला कधी फोन केलास, एक दिवस सांग. एकच."

पाऱ्यानं आठवून बघितलं. माणूस खोटं बोलणारा असता तर एखादा दिवस सहज सांगितला असता.

माणसाला जे हवं तेच मोजमापात दिसायला लागलं की तो मोजपट्टी तपासत नाही. तापमापक पारा दर सहा महिन्यांनी बर्फाच्या पाण्यात घालून तपासायचा. ताईला त्यानं अकरा वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं. ताई ती ताई, ती कुठं बदलते?

शेजारीण वर आली, फोन परत दिला आणि म्हणाली, "पास झालं का यंत्र?" उत्तराची वाट न बघता स्वतःच "बरं" म्हणून गेली.

निघताना ताईनं त्याचा दंड धरला. "हे बघ. माझ्या कानांचं कुठं छापायचं नाही. शेजारणीला माहीत आहे तेवढं पुरे. उद्या गावभरचे लोक माझ्याशी लहान पोराशी बोलावं तसं ओरडून बोलतील. कीव नको मला."

"मग मी काय लिहू?"

"खरं लिही. मला सोडून."

हे सांगायला सोपं आहे. पारा गुरुवारी दिवसभर लिहीत बसला. 'ऐकणाऱ्याकडील उपकरणात दोष आढळला' असं आधी लिहिलं. वाक्य सुटसुटीत होतं, धंद्यातलं होतं, आणि त्यानं सगळं झाकलंही असतं. ते त्यानं तीनदा वाचलं आणि खोडलं. ताई उपकरण नव्हती. मग 'काही तांत्रिक कारणांमुळे' लिहिलं. तेही खोडलं, असल्या वाक्यांवर तो आयुष्यभर थुंकत आला होता. संध्याकाळी जे उरलं ते एवढंच :

'अकरा वर्षं फोनवरचा आवाज मी एकाच माणसाकडून तपासून घेतला. त्या माणसानं मला नेहमी खरं तेच सांगितलं. मी मात्र दुसऱ्या कोणाला विचारलं नाही, कारण विचारायला माझ्याकडे दुसरं माणूस नव्हतं. आवाज खालावलेला नाही. माझी रेघ चूक आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. या फोनच्या आवाजाला दहापैकी दहा.'

संपादकबाईंचा फोन आला. "छापते. पण ते मधलं काढू का? दुसरं माणूस नव्हतं ते. लोक फाडून खातील रे."

"राहू द्या."

"रेघेवर एवढं मोठं खापर फोडतोस, मग थोडी अब्रू ठेव की."

"बाई, कारण तेच आहे. ते काढलं तर उरलेलं खोटं होईल."

"सदर मी वाचवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "गेमचा भाग तुझ्याकडे राहील. आवाजाचं काम आता पाच जणांच्या गटाकडे देतील."

"पाच चांगले," पारा म्हणाला.

शुक्रवारी छापून आलं आणि लोकांनी फाडून खाल्लं. कोणी लिहिलं, 'अकरा वर्षं आम्हाला गंडवलं.' कोणी लिहिलं, 'एक मित्र नाही आणि निघालेत जगाला फोन शिकवायला.' एकानं स्वतःचा नंबर टाकला होता : 'काका, पुढच्या वेळी मला लावा.' त्याखाली सत्तर जणांची हसरी तोंडं. गोडबोल्यानं फुलांचा गुच्छ पाठवला, हा एवढा, नवरदेवाच्या गाडीवर शोभेल असा. पाऱ्यानं तो पहारेकऱ्याला दिला. फोन डब्यात घालून, आतली सगळी माहिती पुसून, परत केला. त्याला खरं तर तो आवडला होता. पण परीक्षकाला फोन आवडला काय आणि नाही काय, काम संपलं की तो जातोच.

रविवारी दुपारी पारा आपल्या जुन्याच फोनवर बसचं वेळापत्रक उगाच बघत बसला होता, तेव्हा फोन वाजला. ताई. एवढ्या वर्षांत तिनं आपणहून लावलेला हा पहिला फोन.

"हॅलो! मी बोलतेय. तू बोललास तरी मला कळायचं नाही, तेव्हा उगाच घसा फोडू नकोस. आणि लिहून पाठवू नकोस, या फोनची अक्षरं मुंगीएवढी आहेत. मी बोलते, तू ऐक."

"बरं," पारा म्हणाला.

"शेजारीण आता तोऱ्यात आहे. सगळ्या मजल्यांना सांगत सुटलीय, मी फोन तपासला म्हणून. कालपासून तिचा नवरा तिला साहेब म्हणतो. बरं, दुसरं. बारा तारखेला दवाखान्यात बोलावलंय, कानात मशीन बसवून बघणार आहेत. डाव्यात थोडं येईल म्हणाले, उजव्याची आशा नाही. तू येणार असलास तर ये. नाही आलास तरी शेजारीण आहे."

"येतो," पारा म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "येतो, ताई!" मग आणखी मोठ्यानं. खालून पहारेकऱ्यानं मान वर करून बघितलं.

"आणि पोटाचं दाखव कुणालातरी," ताई म्हणत होती. "लहानपणी पण असाच होतास, दुखलं की गप्प. आईला वाटायचं, शहाणा आहे. मला माहीत होतं, घाबरट आहेस." ती हसली. मग बाटल्यांच्या कारखान्यातल्या एका बाईचं लग्न ठरल्याचं सांगितलं, तेही पंचावन्नाव्या वर्षी. जिन्यातला दिवा गेल्याचं सांगितलं. वरच्या मजल्यावरची माणसं घर सोडून गेली, पण तिला ते चार दिवसांनी कळलं, ते सांगितलं. पारा मध्ये मध्ये "हं" म्हणत होता. तिला एकही पोचत नव्हता, तरी म्हणत होता.

"चला. ठेवते," ताई म्हणाली.

पण तिनं बटण दाबलं नाही. हँडसेट टेबलावर ठेवल्याचा ठक्कन आवाज आला आणि फोन तसाच चालू राहिला. तिला कळायला काही मार्ग नव्हता. पाऱ्यानं अंगठा लाल बटणावर नेला आणि थांबला. तिकडं नळ सुरू झाला. भांडं घासलं गेलं. खुर्ची सरकली. ताई स्वतःशीच काहीतरी म्हणाली, हसली नाही, पुन्हा तेच म्हणाली. शब्द कळले नाहीत, ती फोनपासून लांब होती. मग झाडूचा आवाज, जवळ येणारा, लांब जाणारा. खोलीभर तो ऐकू यावा म्हणून पाऱ्यानं फोन खिडकीत ठेवला, खुर्चीवरचा कोट काढून पलंगावर टाकला आणि तिथं बसला.

चोवीस मिनिटं फोन चालू होता. मग तिकडच्या जुन्या हँडसेटची बॅटरी संपली.